तेवढा एकच कागद

सकाळपासून त्या प्रिंटरनं दोनशे दाखले निमूटपणे छापून दिले होते. अडला तो नेमका एकच, तिच्या नवऱ्याला मृत ठरवणारा.

"वहिनी, तुम्हीच मुद्दाम काहीतरी करून ठेवलंय," दीर म्हणाला.

"मी कशाला करू? जे मशीनला कळतंय ते तुम्हाला कळत नाही, त्याला मी काय करणार?"

तिचा नवरा याच कचेरीतली यंत्रं दुरुस्त करायचा. सात वर्षांपूर्वी हत्यारांची पिशवी टेबलावर ठेवून "आलोच" म्हणाला आणि गेला तो गेलाच. पोलीस झाले, दवाखाने झाले, जाहिराती झाल्या. पिशवी आणि नोकरी दोन्ही तिच्या गळ्यात पडल्या. आता सासूला एकदाचं रडून मोकळं व्हायचं होतं, म्हणून दिरानं अर्ज केला. ही मात्र हटून बसली. मी मेले तरी ह्यांना मेलेले म्हणणार नाही, असं तिनं घरात भांडून सांगितलं होतं.

पण काम ते काम. साहेबांनी हाक मारली तशी ती बाह्या सरसावून उठली. कागद दमट झाले की एकमेकांना चिकटतात, म्हणून तिनं नवा कोरडा गठ्ठा फोडला, फडफडवून मोकळा केला, कडा जुळवून ट्रेमध्ये ठेवला. रोलर पुसले. पुन्हा तीच करकर, पुन्हा लाल दिवा. शेजारच्या खोलीतल्या मशीनवर दुसरे दाखले सुरळीत निघाले. हा तिथंही अडकला.

"काय वैताग आहे!" साहेब म्हणाले.

दिरानं न राहवून पहिल्या मशीनमधल्या कागदाचं टोक धरलं.

"खबरदार! उलटा ओढलात तर फाटेल आणि तुकडा आत राहील. ज्या वाटेनं निघालाय त्याच वाटेनं काढायचा, दोन्ही हातांनी, सावकाश. तुमच्या भावानंच शिकवलंय मला."

तिनं बटण बंद केलं. वायर उपटून खांद्यावर टाकली. मागचं दार उघडून आतला तापलेला भाग निवेपर्यंत थांबली. मग कागदाच्या दोन्ही कडा धरून ओढलं.

आतून कुणीतरी ओढलं.

हिसका नव्हता. दोन्ही कडांवर सारखी, सावकाश ओढ. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मागोमाग डोळे भरून आले. इतकं जपून कागद ओढणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता.

"बघा!" ती दिराला म्हणाली. "म्हणे वारले!"

"वहिनी, सोडा तो कागद."

"सात वर्षं तुम्ही सगळे सोडा सोडा म्हणताय. सोडलं का मी? मग आज बरी सोडीन!"

कागद इंचाइंचानं आत चालला होता. रोलर जागचे हलत नव्हते. साहेब खुर्ची मागे सारून उठले, पण पुढे आले नाहीत.

"वहिनी, हात..." दिरानं बोट दाखवलं.

"गप्प बसा हो भावजी," ती हसून म्हणाली. "ह्यांनीच धरलेत."

त्या फटीतून एका वेळी एकच कागद जातो. तिचे दोन्ही हात मनगटांपर्यंत आत होते.