मुदतीआधी काढलेल्या डिस्क

ती कटर-शॉपमध्ये पहिल्यांदा आली ती रस्ता चुकून. शोधत होती ऑफिस आणि शिरली फिटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बोगदा खोदणाऱ्या मशीनच्या झिजलेल्या पोलादी डिस्क तिथे उतरवून ठेवत. रस्ता विचारायचा सोडून तिने समोरच्या डिस्कला माप लावलं आणि सांगून टाकलं, "बावीस मिलिमीटर झिजलीये. अजून चालली असती." फिटर हातात पाना धरून बघतच राहिला.

हीच नवी तपासणी इंजिनियर, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर कामगारांनी तिचं नाव 'मिलिमीटर' ठेवलंही होतं. आणि आपला फिटर? गडी पार कामातून गेला होता. रात्री घरी जेवताना थोरल्या ताईने दोनदा मीठ मागितलं, दोन्ही वेळा याने पाणी पुढे केलं. "कोण आहे ती?" एवढंच ताईने विचारलं.

पण मिलिमीटरचं काम आत बोगद्यात. शेडमध्ये ती यायची कशाला? नियम एकच होता: पंचवीस मिलिमीटर झिजण्याआधी डिस्क काढली, तर ती तिने स्वतः येऊन तपासायची. बारा वर्षं इमानाने काम केलेल्या फिटरने मग एक धडधाकट डिस्क उतरवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'अडकते'.

ती आली. डिस्क हाताने फिरवून पाहिली. डिस्क लोण्यासारखी फिरली.

"मघाशी अडकत होती…" फिटर जमिनीकडे बघत म्हणाला.

"असेल," ती म्हणाली आणि चहा पिऊन गेली. महिन्याभरात अशा तीन डिस्क अडकल्या, तीन चहा झाले. तिसऱ्या चहाला तर ती तासभर बसली.

आणि तिची बदली आली. सोमवारपासून दुसऱ्या बोगद्यावर, बसने तीन तास दूर. फिटरचं कशातच लक्ष लागेना. शुक्रवारी ती न बोलावता आली, हातात रजिस्टर घेऊन.

"तिन्ही डिस्क चांगल्या आहेत, असं लिहिलंय. उद्या परत मशीनवर चढवा. फक्त कारणाचा रकाना रिकामा आहे… काय लिहू?"

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. आता नाही बोललो तर कायमचं राहून जाईल, हे त्याला कळत होतं.

"तुम्ही यावं म्हणून काढल्या," तो म्हणाला. "खरं ते लिहा."

तिने लिहिलं, 'फिटरची चूक', आणि सही केली.

"साहेब बोलतील, ते मुकाट ऐकून घ्या," ती म्हणाली. "पहिल्या डिस्कलाच कळलं होतं मला."

"मग… पुढच्या दोन वेळा कशाला आलात?"

मिलिमीटर पहिल्यांदाच गोरीमोरी झाली. रजिस्टर छातीशी धरून दारापर्यंत गेली, तिथे थांबली.

"तीनदा तुम्ही बोलावलंत, मी आले," ती म्हणाली. "आता तुम्ही यायचं. रविवारी सुट्टी असते मला… आणि काही मोडतोड न करता या."