चटणीच्या बरणीतलं भाषण

मृण्मयीचं भाषण तिसऱ्यांदा हरवलं, तेव्हा ते शेंगाचटणीच्या बरणीत सापडलं.

त्याआधी ते एकदा कपडे धुण्याच्या यंत्रात निघालं होतं आणि एकदा फ्रीजमध्ये, दुधीभोपळ्याखाली. भाषण जाड कार्डावर लिहिलेलं होतं आणि कार्डाला काही पाय नव्हते.

"घरात चोर आहे," टिकोजी म्हणाला. टिकोजी हा मृण्मयीच्या घरच्या, म्हणजे म्हमाणे यांच्या स्वयंपाकघरातला यंत्रमानव. भाकऱ्या थापणं हे त्याचं काम. पण तपास करायला मिळाला की त्याला भाकरीचं भान राहत नसे. "मी स्वयंपाकघरातल्या चित्रफिती तपासतो."

गोष्ट २०७१ सालच्या सोलापुरातली. मृण्मयीची मैत्रीण शिफा बागवान दोन वर्षांसाठी चंद्रावरच्या शाळेत निघाली होती. दोघींनीही परीक्षा दिली होती. शिफा निवडली गेली, मृण्मयीला दोन गुण कमी पडले. शनिवारी शाळेत निरोप समारंभ होता आणि भाषण मृण्मयीच करणार होती. तिनेच हट्टाने मागून घेतलं होतं.

शुक्रवारी शाळेत सराव झाला. मृण्मयी ताठ उभी राहून म्हणाली, "शिफा चंद्रावर जात आहे, याचा आम्हा सर्वांना अतिशय अपमान वाटतो."

वर्ग खो खो हसला. "अभिमान," येमूलबाई म्हणाल्या. मृण्मयीने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा अपमानच म्हणाली. फक्त शिफा हसली नाही.

घरी येऊन मृण्मयीने दप्तर आपटलं. "तुझ्या भाकऱ्या गोल नसतात," ती टिकोजीवर ओरडली.

"सगळ्या गोल आहेत. मी मोजल्या आहेत," टिकोजी म्हणाला. "शिवाय चोर सापडला आहे. उंची चार फूट पाच इंच, दोन वेण्या. नाव मृण्मयी."

त्याने भिंतीवर चित्रफीत लावली. मृण्मयी भाकरी खाता खाता आजोबांना शिफाच्या चंद्रावरच्या बुटांबद्दल सांगत होती. सांगता सांगता तिने हातातलं कार्ड बरणीत घातलं, झाकण घट्ट लावलं आणि पुढचा घास घेतला.

मृण्मयीचे कान लाल झाले. "मी मुद्दाम नाही केलं. मला आठवतच नाहीये."

"म्हणजे आरोपी खोटं बोलते आहे," टिकोजी म्हणाला.

"नाही," खुर्चीतून अण्णा म्हणाले. "ती खरं बोलते आहे. आणि तुझी चित्रफीतही खरी आहे."

अण्णा म्हणजे मृण्मयीचे आजोबा. त्यांनी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र (मन आणि वागणं यांचा अभ्यास) शिकवलं होतं. टिकोजीने दोन्ही वाक्यं जुळवून पाहिली आणि त्याच्या डोक्यातला पंखा जोरात फिरू लागला.

"मनातलं काही आपल्याला ठाऊक असतं, ती जाणीव," अण्णा म्हणाले. "पण आपल्या नकळतही मनात बरंच काही चालतं. त्याला नेणीव म्हणतात. मृणू, निकाल लागला त्या दिवशी तुला काय वाटलं?"

"काहीच नाही. मला आनंदच झाला."

"आणि त्याच दिवशी तू टिकोजीला भंगारात द्या म्हणालीस."

"चार वाजून दहा मिनिटांनी," टिकोजी म्हणाला.

मृण्मयीने आपटलेलं दप्तर उचलून ठेवलं.

"असं समज," अण्णा म्हणाले, "मनाचा एक भाग नुसता हट्ट करतो. मला हवं, आत्ता हवं. त्याला इदम् म्हणतात. दुसरा भाग सतत शिकवण देतो, की चांगल्या मैत्रिणी हेवा करत नाहीत. तो पराहम्. या दोघांना सांभाळून घेणारा तिसरा, तो अहम्. भांडण फार झालं की अहम् कधी कधी नकोशी भावना नेणिवेत ढकलून देतो. त्याला दमन (आपल्या नकळत दडपणं) म्हणतात."

"मग प्रश्न मिटला," टिकोजी म्हणाला.

"मिटत नाही. ती भावना भलत्या वाटेने बाहेर येते. जीभ घसरते, वस्तू हरवतात, राग भाकरीवर निघतो."

मृण्मयी हळूच म्हणाली, "पण मी अशी का आहे?"

"तू तीन वर्षांची असताना आई कामासाठी चार महिने कोचीला गेली होती. तू रडली नाहीस. सगळे म्हणाले, किती शहाणी मुलगी. कदाचित तेव्हापासून तू वाईट वाटणं गिळायला शिकलीस. लहानपणच्या अशा गोष्टींतून स्वभाव घडतो, असं हा मनोगतिक दृष्टिकोन (मनातल्या छुप्या ओढाताणीतून वागणं समजून घेण्याची पद्धत) सांगतो. सगळ्या शास्त्रज्ञांना तो पटत नाही. माझा अंदाजही चुकीचा असेल. खरं काय ते तूच सांगू शकतेस."

"पण तिलाच माहीत नाही," टिकोजी म्हणाला.

"म्हणून तर तिला थोडा वेळ द्यायचा."

टिकोजीच्या डोक्यातला पंखा थांबला. "मला नेणीव आहे का?"

"नाही रे. तुझं सगळं नोंदींमध्ये उघडं आहे."

"म्हणजे भाकरी करपली तर सांगायला कारणच नाही," टिकोजी खिन्नपणे म्हणाला.

शनिवारी मृण्मयी कार्ड न घेताच व्यासपीठावर गेली.

"शिफा, मला तुझा अभिमान वाटतो," ती म्हणाली. शब्द बरोबर आला. "आणि मला तुझा हेवाही वाटतो. दोन गुण कमी पडले, ते मला खूप लागलं. पण त्याहून वाईट हे, की सोमवारी डबा खायला मी कुणाशेजारी बसू ते मला कळत नाहीये."

सभागृहात कुणी हसलं नाही. येमूलबाईंनी चष्मा पुसायला घेतला. शिफा उठली आणि थेट व्यासपीठावर आली.

"मला वाटलं, मी जावं असं तुला वाटतच नाही," ती म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "ऐक ना. मी तीन दिवस बॅग भरतेय. दर वेळी यानाचा परवाना बाहेरच राहतो. अम्मी म्हणते, विसराळू झालीस."

"तुला जायचं आहे ना?"

"जायचं आहे. आणि जायचं नाहीये."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या. माईक चालूच होता, त्यामुळे सगळी शाळा हसली.

संध्याकाळी शिफाच्या घरी मृण्मयीने तो परवाना बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

"पुढच्या वर्षीचे अर्ज कधी निघतात?" शिफाने विचारलं.

"जूनमध्ये."

"भरशील ना?"

"भरणार आहे," मृण्मयी नाक पुसत म्हणाली. "आधी नीट रडून घेते."