मरण वगळून वाचणारा माणूस

माझ्या नवऱ्याला कादंबरीतलं मरण वाचवत नसे. धर्मराज आमच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. रोज सकाळी गावभराच्या दुधाचं फॅट पुकारून त्यांचा आवाज खणखणीत झालेला, आणि मी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मी लिहायचं, त्यांनी गोठ्यात म्हशीपुढे बसून मोठ्यानं वाचायचं, मी भाकरी थापत ऐकायचं. ते जिथे अडखळतील ते वाक्य कच्चं. मी ते खोडून पुन्हा लिहायची. पण कुणी मरायला टेकलं की हा गडी सरळ पानं उलटायचा. "म्हशीला सोसत नाही," म्हणायचा. म्हणून माझ्या छापलेल्या कादंबऱ्यांत कुणीच मरत नाही.

रविवार कवितांचा. बीडच्या ग्रंथालयातून एस.टी.नं आणलेली पुस्तकं आम्ही एकमेकांना वाचून दाखवायचो. ते स्वतःही कविता करत, बहुतेक म्हशीवर. मी तोंडावर नावं ठेवायची, तरी पुढच्या रविवारी नवी तयार असायची.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी ते गेले. माझी नवी कादंबरी अर्धी झाली होती. तिच्यात केसर नावाची बाई आहे, आणि तिचा नवरा मरतो. "केसर म्हणजे तूच," असं ते मला चिडवायचे. त्यांच्या माघारी मी स्वतःच मोठ्यानं वाचून पाहिलं, पण माझं मला सगळंच चांगलं वाटे. ही कादंबरी मला त्यांच्यासाठी पुरी करायची होती, आणि ती कच्ची राहिली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

विहिरी आटल्या तेव्हा सोसायटीनं युसूफ वडगावजवळ माळावर चारा छावणी उघडली. मी म्हैस घेऊन तिथे गेले. हिरव्या जाळीची सावली, शेणाचा आणि चाऱ्याला टाकलेल्या उसाच्या वाढ्यांचा वास, दिवसभर फुफाटा. शेजारच्या दावणीला चंद्रभागाबाई होती. आष्टीकडची, जन्मभर ऊसतोड केलेली, आता लेकीच्या सासरची जनावरं सांभाळायला आलेली. मी सकाळी लिहायची, आणि दुपारी टँकर आला की कागद गव्हाणीत दगडाखाली ठेवून पाण्याला जायची.

एका दुपारी मी परतले तर चंद्रभागाबाई कौतुकानं म्हणाली, "बाई, तुमचे मालक लई ग्वाड वाचतेत."

मालक गेल्या वर्षीच गेले, छावणीच्या भोंग्यावर काही लागलं असेल, असं मी म्हटलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला जाळीपलीकडून फक्त पाठ दिसली होती, म्हशीकडे तोंड करून बसलेली. मी विचारलं, काय वाचलं? तिनं मी त्याच सकाळी लिहिलेलं सगळं सांगितलं. तिला अक्षरओळख नव्हती. शिवाय, मालक बाजाराच्या वर्णनाला दोनदा अडखळले, असंही ती म्हणाली.

मी ते वर्णन काढून पाहिलं. कच्चंच होतं.

मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं आहे. कुणीतरी चेष्टा करत असणार, असं धरून मी दुसऱ्या दिवशी कागद फडक्यात गाठ मारून ठेवले. परत आले तेव्हा गाठ तशीच होती, आणि नव्या पानांवर ते कुठे अडखळले ते चंद्रभागाबाईनं सांगितलं. मग मी चौकशी सोडली. खरं सांगते, मला भीती वाटलीच नाही. इतका आनंद झाला की पाण्याच्या रांगेत उभ्या उभ्या रडू आलं. एकदा जाळीआड लपून बसले, तर त्या दिवशी कुणीच वाचलं नाही. पुन्हा तसं केलं नाही.

उन्हाळ्यात कादंबरी सुधारत गेली. शेवटी केसरच्या नवऱ्याचं मरण उरलं. ते गाळलं तर पुस्तक खोटं झालं असतं, ठेवलं तर हे वाचणार नाहीत. मी ते लिहिलं, जसं दवाखान्यात त्यांचं पाहिलं होतं तसं. कागद गव्हाणीत ठेवून घागर उचलली.

परतले तेव्हा चंद्रभागाबाई माझी वाट बघत बसली होती.

"वाचलं का?" मी विचारलं.

"वाचलं."

"पानं उलटली?"

"न्हाई. समदं वाचलं, हळूहळू. कुटंच अडखळले न्हाईत."

मी घागर खाली ठेवली. जमलं होतं.

"मग फुडचं बी वाचलं," ती म्हणाली.

पुढचं काही नव्हतंच. मी तसं सांगितलं.

"केसर जाते त्ये," ती म्हणाली. "पाणी आणता आणता. घागर डोक्यावर असताना."

म्हैस रवंथ करत रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती.

"वाचताना कसे होते?" मी विचारलं.

"खुशीत होते, बाई."

दुसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला. मी घागर घ्यायला वाकले, तर ती आधीच चंद्रभागाबाईच्या कमरेवर होती. त्या दिवसापासून ती मला पाणी आणू देत नाही. बाया म्हणतात, शेजारीण असावी तर अशी.