घरातली मराठी बंद

"उद्यापासून ह्या घरात मराठी नको. इंग्रजी बोला, नाहीतर गप्प बसा!" कल्याणरामनं जेवता जेवता फर्मान सोडलं, आणि वाढायला उभी असलेली त्याची थोरली बहीण वासुकी सांबाराची पळी हातात धरून बघतच राहिली...

झालं होतं ते एवढंच, की टेलिफोनवरच्या मुलाखतीत अमेरिकेच्या साहेबाला त्याचं बोलणं कळलं नव्हतं. महिन्याभरानं पुन्हा मुलाखत होती. म्हणून हॉलमध्ये कॉम्प्युटर आला, उच्चार सुधारायची सीडी आली, कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक! कॉम्प्युटरमधली बाई एक वाक्य म्हणायची, हा तेच म्हणायचा, आणि चुकलं की पडद्यावर लाल पट्टी उमटायची. पट्टी रोजच लाल. दोष कुणाचा? तर म्हणे घरातल्या मराठीचा! नाचता येईना, अंगण वाकडं!

वासुकीचं डोकं भणाणलं. अप्पा गेले तेव्हा तिनं कॉलेज सोडलं, शाळेच्या कचेरीत टायपिंग करून ह्याला इंजिनिअर केलं, स्वतःच्या लग्नाचं नावही काढू दिलं नाही... त्याचं दुःख तिला नव्हतं. पण आईनं, राजमनं, काय करायचं? उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, ही तंजावूरच्या ह्या घराची पिढ्यान् पिढ्यांची रीत. राजम भाजीवालीशी तासभर तमिळ बोलायची, पण पोटच्या लेकराशी मराठीखेरीज एक अक्षर ती जन्मात बोलली नव्हती!

राजम मुकी झाली. वाढताना खुणा करायची, देवापुढचे श्लोकसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायची. कुकरची शिट्टी माइकमध्ये शिरते म्हणून कुकरही बंद झाला, आणि म्हातारी पातेल्यात भात शिजवून पेज गाळू लागली. वासुकी भांडायला उठली की ती तिचा हात दाबून धरायची. पोराचं भलं होतंय, चार दिवस तोंड मिटलं तर काय बिघडलं, असं एकदा परसात कुजबुजलीही. वासुकीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. असली कसली ती माया!

मुलाखतीच्या आदल्या दिवशी वासुकी देवाची फुलं घेऊन घरी आली, तेव्हा कल्याणराम माइकपुढे वाक्यं घोकत होता. आत स्वयंपाकघरात राजम जमिनीवर बसली होती. पेजेचं पातेलं उपडं पडलेलं, उजवा हात कोपरापर्यंत लालबुंद, तोंडात पदराचा बोळा कोंबलेला, आणि डोळ्यांतून नुसत्या धारा... भिंतीपलीकडे मुलगा होता. तिनं हाक मारली नव्हती!

वासुकीनं आधी तो हात बादलीतल्या गार पाण्यात बुडवला. मग हॉलमध्ये जाऊन भावाच्या कानांवरचा हेडफोन ओढून काढला.

"ऊठ. तुझी पट्टी लाल होऊ नये म्हणून आई भाजली तरी ओरडली नाही. ये, बघ तिचा हात."

कल्याणराम धावला. त्यानं तो हात पाहिला. आईपुढे मटकन बसून त्यानं विचारलं, "आई, फार दुखतंय का गं?"

राजमनं तोंडातला पदर काढला. हसायचा प्रयत्न केला. आणि महिनाभर भिंतीआडून ऐकून ऐकून पाठ झालेलं, अगदी त्या कॉम्प्युटरमधल्या बाईच्या हेलात, ती सावकाश म्हणाली, "आय ॲम फाइन, थँक यू."

कल्याणरामनं हंबरडा फोडला. "असं नको गं बोलूस! ओरड, मला शिव्या दे, पण आपल्या मराठीत बोल आई..."

आणि मग राजमच्या तोंडून "आई आई गं..." अशी किंकाळी फुटली की शेजारची अलमेलु हातातलं काम टाकून धावत आली. वासुकीचा राग तरीही उतरला नव्हता. बघत काय बसलास, ऑटो आण, असं तिनं भावाला दरडावलं, आणि तो अनवाणीच रस्त्यावर धावला.

दवाखान्यापर्यंत राजमचं तोंड थांबलं नाही. हात किती आग करतोय, गॅस बंद केला की नाही, वासुकी सकाळपासून उपाशी आहे... आणि तिचा दुसरा हात घट्ट धरून बसलेला कल्याणराम, रडत रडत, प्रत्येक गोष्टीला "होय आई, होय आई" म्हणत राहिला.