तीन की चार?

ब्राझीलमधल्या पिरासिकाबाच्या दंतमहाविद्यालयाच्या फाटकाशी वाल्देसिर गरम पामोन्या, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेल्या कोवळ्या मक्याच्या वड्या, विकायचा, आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःच एखादी खायचा. तिथली दंतवैद्य जुसारा आली तेव्हा त्याने नुकताच घास तोडला होता. पिवळ्याधमक पामोनीवर लाल डाग उमटला होता.

“हिरड्यांतून रक्त येतंय तुमच्या,” ती म्हणाली.

“डॉक्टरीणबाई, लोक आधी माझे डोळे बघतात!”

“डोळ्यांचे डॉक्टर पलीकडच्या रस्त्याला. तोंड उघडा.”

आणि त्या भल्या माणसाने भर रस्त्यात आ वासला.

जुसारा वरच्या पदवीसाठी दोन वर्षं हिरड्यांच्या रोगावर संशोधन करत होती. निम्म्या रुग्णांच्या दातांची नुसती खोल सफाई, निम्म्यांना वर नवं औषध. कुणाला काय मिळालं हे तिला कळता कामा नये, नाहीतर मापात मन डोकावतं. वाल्देसिरही त्या रुग्णांत दाखल झाला. उपचार दुसऱ्यांकडे, मोजमाप हिच्याकडे. उपचाराबद्दल तिच्याशी चकार शब्द काढायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. मग गडी बाकी सगळं बोलायचा — नदीला चढलेलं पाणी, आईची कंबर, जुसाराच्या कानातले…

“आज हिरवे घातलेत!”

“तोंड उघडं ठेवा.”

“उघडं ठेवून कौतुक कसं करू?”

“नका करू…” ती म्हणायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा हिरवेच घालायची.

सहा महिन्यांनी शेवटचं माप आलं. खुणांची बारीक सळई दात आणि हिरडीमधल्या फटीत सरकवून जुसारा खोलीचे मिलिमीटर पुकारत होती, प्राध्यापक नेउझा लिहून घेत होत्या. तीनपर्यंत बरं, चार म्हणजे रोग अजून मुक्कामाला.

“दोन, तीन, दोन… तीन.”

ती थबकली. सळई चारच्या खुणेशी होती. पुन्हा पाहिलं — चारच. ती खोटं बोलली नव्हती. तिला खरोखरच तीन दिसले होते, कारण हा माणूस बरा व्हावा असं तिला फार, फार वाटत होतं. तिने सळई खाली ठेवली.

“मॅडम, तो आकडा खोडा. यांचं माप मी घेऊ शकत नाही.”

नेउझांनी चष्म्यावरून पाहिलं. “का गं? कारण लिहावं लागेल. आणि मोजणारा सगळ्यांना एकच हवा, म्हणजे मग तुझे सगळेच रुग्ण दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्यावे लागतील. यंदाची पदवी विसर.”

“लिहा…” जुसाराचे कान तापले होते. “लिहा, मोजणारीचा या माणसावर जीव जडलाय.”

खुर्चीतून ‘आं… आं…’ असा आवाज आला. तोंडात आरसा तसाच राहिला होता. तिने तो घाईने काढला.

“माझाही,” वाल्देसिर म्हणाला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा तो, आज एवढ्यावरच थांबला.

नेउझांनी कारण लिहिलं, तारीख घातली आणि कागद पुढे सरकवला. “वर्ष गेलं तुझं, पोरी.”

“गेलं,” जुसारा म्हणाली, आणि ठसठशीत सही केली.