न दिलेली हाळी

आयुष, तो मोबाईल उलटा ठेव, उजेड डोळ्यात जातो. आणि चैताली, मधे हसायचं नाय. हसणाऱ्यानं उठून घरी जावं. ही गोष्ट माझ्या चुलतभावाच्या पोराची, वाल्मीकची. घोटीच्या वर, नदीकाठच्या वस्तीवर राहतो तो. खोटी वाटली तर त्याच्या बायकोला विचारा.

गेल्या मे महिन्यातली, घोटीच्या बाजाराची, शनिवारची रात्र. सकाळी निफाडहून सासूसासरे यायचे होते. वाल्मीकची बायको संध्या, तिला सातवा महिना, तिची ओटी भरायला. सासऱ्याला मासे लय आवडतात, पण बर्फातले चालत नाहीत. म्हणून जेवण उरकून वाल्मीक गेळफळांची पिशवी घेऊन वस्तीच्या वरच्या डोहाकडं निघाला.

गेळ्याचं काटेरी झुडूप तुम्ही पाहिलंय, नाव माहीत नसेल. त्याची वाळलेली फळं ठेचून साठल्या पाण्यात कालवली की फेस येतो आणि मासे गुंगून वर तरंगतात. पण तेच पाणी माणसाच्या पोटात गेलं तर माणूस ओकून ओकून अर्धा होतो. पोटुशी बाईचं तर विचारूच नका. आता डोहाची बारीक धार खाली वाळूत मुरते, आणि तिथंच उकरलेल्या झिऱ्यावर सगळी वस्ती पाणी भरते. म्हणून आमच्यात रीत आहे. फळं टाकायच्या आधी डोहावर उभं राहून हाळी द्यायची, “पाणी भरू नका होऽऽ!” खालून एकेका घरानं “ऐकलं” म्हणायचं. शेवटच्या घराची ओ आल्याशिवाय फळ पाण्यात पडत नाही.

वाल्मीकनं हाळी दिली नाही. हाळी दिली की सगळे टोपल्या घेऊन येतात, माशांचे वाटे पडतात. घरात दोन हंडे भरलेले आहेत, संध्या झोपलीय, बाकीच्यांना उजाडायच्या आत सांगू, असा त्याचा विचार. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय.

फळं ठेचली. पाण्यात कालवली. फेस धरला. तो काठावर टेकला आणि एकदम त्याला आठवलं.

हंडे कुठले भरलेले? सासरे येणार म्हणून संध्याकाळी त्यानंच मोटारसायकल धुतली होती. दोन्ही हंडे रिकामे करून.

तो उठला. तेवढ्यात खालून आवाज आला.

“ऐकलं...”

संध्याचा आवाज.

वाल्मीक जागीच थिजला. त्यानं तोंडही उघडलं नव्हतं.

मग मधली घरं, एकेक. मग “ऐकलं रे बाबा...” ही लताबाई. म्हातारीचा चिरका आवाज, चुकायचा नाही.

मग गप्प. लताबाईचं घर शेवटचं. त्याच्या खाली माणूस राहत नाही. धरणाचं पाणी आहे. आणि पाण्याखाली आमचं जुनं गाव.

तिकडून आलं...

“ऐकलं...”

लांबून. बाप्याचा आवाज. मग दुसरा. मग बाया. मग पोरं... घराघरातून यावं तसं, एकामागून एक.

बेडूक गप्प. झाडं गप्प.

मग शेवटची ओ. अगदी जवळून. समोरून.

डोहातून.

वाल्मीक पळाला. दगडांवर पडत, उठत.

संध्या झिऱ्यावर उभी होती. हातात हंडा. रिकामा.

“प्यालीस?”

“काय पिते? भरायला वाकले नि तुमची हाळी. एवढं नरडं ताणायचं? बहिरी नाय मी.”

“माझा... आवाज होता?”

“नाय तर काय माझ्या बापाचा? ओ दिली तरी तुम्ही आपले ओरडताय. शेवटी तर रडल्यासारखं...” ती थांबली. “काय झालं हो?”

वाल्मीकनं तिचा हात धरून तिला घरी आणलं, दाराला कडी घातली.

संध्या बरी आहे. पुढं मुलगी झाली, तेजस्विनी नाव ठेवलं. त्या डोहाकडं आता कुणी जात नाही.

पण सकाळी सासरे आले, “या” म्हणायला वाल्मीकनं तोंड उघडलं, तर नुसती हवा. आवाजच नाही. आजही नाही. मला हे सगळं सांगितलं ते कानाला लागून, कुजबुजत.

नाशिकला नेलं होतं. डॉक्टरनं दुर्बीण घालून घसा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला,

“आतून पार सोललाय. हे एका रात्रीचं नाही. किती वर्षं ओरडताय?”