मायाक्काचं दप्तर जातं कुठं?

सन दोन हजार एकाहत्तर. मायाक्काचं दप्तर सरकार दरवर्षी न चुकता पाठवी, पण ते तिच्या हातात कधी पडत नसे. दुपारचं जेवण, धाकट्या भावाची लस, त्यांचंही तेच. मग हे सगळं जाई कुठं? आता तर होळीपर्यंत ती वर्गात दिसली नाही, तर पटावरून नावच कमी होणार होतं. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

तिचं घर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर गावी परतायचं. एका संध्याकाळी भाताच्या रिकाम्या खाचरात तळ पडला होता, तिथं तपासू नावाचा यंत्रमानव आला. राष्ट्रीय बालहक्क योजना (प्रत्येक मुलाला शाळा, खाणं, औषधपाणी मिळावं म्हणून देशानं आधीच केलेली आखणी) नीट चालते का, हे तो बघत फिरे. मायाक्कानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

तपासूनं शांतपणे समजावलं. आधी मुलं मोजायची, मग काय किती लागेल ते ठरवायचं, मग पोचवायचं. पावसाळ्यात तिची मोजणी गावात झाली, म्हणून दिवाळीनंतर दप्तरही गावातच पोचलं. काम अगदी चोख झालं होतं. म्हणे चोख!

तेवढ्यात मेंढरं चरून आली. आईनं डालग्याखाली, मोठ्या टोपलीखाली झाकलेली कोकरं सोडली आणि मायाक्का एकेकाला त्याच्या आईपाशी नेऊ लागली. एक काळं कोकरू उचलून ती म्हणाली, "हे मागल्या तळावर जन्मलं. त्याचं दूध तिथंच ठेवून आलो असतो, तर जगलं असतं का रे?"

तपासूनं आपली यादी पुन्हा चाळली. मग म्हणाला, "हक्क (कुणाची मेहेरबानी नव्हे, तुझं स्वतःचं असलेलं) आम्ही गावाला बांधला. तो तुला बांधायला हवा होता. आखणी आमची चुकली."

त्यानं तिथूनच दिल्लीला तसं कळवलं. आखणी म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे, चूक कळली की ती सुधारता येते, असंही त्यानं मायाक्काला सांगितलं. तिचा काही विश्वास बसला नाही.

पुढं होळीच्या आधीच तळ हलला. नदी ओलांडून सगळे नव्या खाचरात पोचले, तर बांधावर तपासू उभा. शेजारी जवळच्या शाळेच्या बाई, दप्तर आणि लशीची पेटी. वीटभट्ट्यांवरच्या आणि उसाच्या फडातल्या पोरांकडंही आता असंच जायचं ठरलंय, बाई सांगत होत्या. मग त्यांनी गावच्या शाळेकडून आलेली हजेरी उघडली.

"मायाक्का बिरू कोळेकर?"

काखेतलं काळं कोकरू खाली न ठेवताच ती म्हणाली, "हजर."